आडोशाचा हिशेब
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावाचा, कर्जाचा आणि विजेचा ठराव झाला. आता जो विषय आम्ही मांडणार आहोत तो मंडपात उघड बोलायचा नाही अशी आपल्याकडे समजूत आहे. पुढच्या रांगेतले भाऊ हसतील, मागे बसलेल्या बहिणी पदर तोंडाला लावतील. हरकत नाही. प्रश्न एवढाच आहे : सकाळी वावरात आलेली बाई दिवस मावळेपर्यंत लघवीला कुठे जाते?

कापसाच्या एका पिकात किती बाया राबतात ते आठवा. सरकी टोबायची, खाडे भरायचे, दोनदा-तीनदा निंदायचे, आणि दसऱ्यापासून पुढे महिनोन् महिने वेचणी. डवरा आणि फवारणी गड्याच्या हाती, बाकी बहुतेक काम बाईच्या. ती घरची असो की रोजाची, वावर दोघींनाही सारखेच उघडे.

आमचे शिक्षण शेतकीचे. एका चौरस मीटरमध्ये किती रोपे असावीत, दोन ओळींत किती अंतर असावे, हे सगळे आम्हांला शिकवले. बुटकी ज्वारी लोळत नाही, खताला चांगली साथ देते, हेही शिकवले. ते खोटे नव्हते. 1964 साली सीएसएच-1 ही पहिली संकरित ज्वारी आली. गावरान ज्वारी माणसाच्या डोक्यावर हात-दोन हात जात असे. नवी ज्वारी बुटकी झाली. पुढे विदर्भात खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, आणि सोयाबीन मांडीच्या वर जात नाही. धुऱ्यावरच्या बोरी-बाभळी तुटल्या, धुरेही नांगराखाली आले, नाल्याकाठची झुडपे सरपणात गेली. तुरीच्या ओळी उभ्या आहेत तोवर थोडे भागते, पण वेचणीच्या शेवटाला तूर कापून झालेली असते.

ज्वारी गेली तेव्हा कडबा गेला, जनावरांचे हाल झाले, हे आपल्या लगेच ध्यानात आले. बाईचा आडोसा गेला, हे मात्र कुणाच्या रजिस्टरात लिहिले गेले नाही.

मग बाई काय करते? पाणी पिणे सोडते. भाकर खाताना दोन घोट, तेवढेच. ऑक्टोबरच्या उन्हात, अंगातून घामाच्या धारा चाललेल्या असताना, ती तहान मारते आणि लघवी रोखून धरते. शरीराचा हिशेब कुणाला चुकवता येत नाही. पाणी कमी पडले की लघवी घट्ट आणि पिवळी होते, जळजळ होते, खडा धरतो. बाईच्या शरीरात मूत्रमार्ग आखूड असतो, म्हणून जंतू लवकर वर चढतात. पोटुशी बाईला असा त्रास झाला आणि औषध मिळाले नाही, तर तो मूत्रपिंडापर्यंत जातो आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याची भीती वाढते. पाळीच्या दिवसांत तर घडी बदलायलाही जागा नाही. एकच कापड दिवसभर. ज्या म्हाताऱ्याला साखरेचा आजार आहे, ज्याला एका पायाने चालता येत नाही, त्याची अडचण याहून वेगळी नाही. पहाटे किंवा अंधार पडल्यावर लांबच्या नाल्यात जावे, तर घोणस आहे आणि माणसाच्या रूपातली जनावरेही आहेत.

बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात अशी ओरड झाली, म्हणून 2019 साली शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82,309 बायांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 बायांची पिशवी काढलेली निघाली. दर शंभरात जवळजवळ सतरा. कारणे अनेक आहेत : कोवळ्या वयातले लग्न, खाडा पडला की दंड, दवाखान्यांचा धंदा. पण फडावर मुतारी नाही आणि कोपीपाशी न्हाणी नाही, हेही त्या दुखण्याच्या मुळाशी आहे. या बाया कुणाच्या? कोरडवाहू शेतकऱ्यांच्याच. वावर पोसत नाही म्हणून कोयता घेऊन निघालेल्या.

आता पैशाचा हिशेब मांडू. समजा, वावरात दहा बाया वेचणीला आहेत. आडोसा लांब, म्हणून दोघी-दोघी जातात. एक बसते, दुसरी राखण करते. जाऊन येऊन वीस मिनिटे गेली. प्रत्येक बाई दिवसातून एकदाच गेली तरी दहा बायांची दोनशे मिनिटे झाली, म्हणजे तीन तासांच्या वर. रोजाने काम असेल तर हे नुकसान वावरवाल्याचे. किलोवर वेचणी असेल तर नुकसान बाईचे, कारण तेवढा वेळ तिच्या ओटीत कापूस पडत नाही. म्हणून किलोवर वेचणारी बाई जातच नाही. आज वाचलेल्या किलोची किंमत ती पुढे दवाखान्यात भरते.

कायद्याने काय केले? 1948 च्या कारखाना कायद्याने संडास-मुतारी सक्तीची केली. म्हणजे आपला कापूस जिनिंगमध्ये पोचला की तिथल्या मजुराला हक्क मिळाला. 1951 च्या कायद्याने चहा-कॉफी-रबराच्या मळ्यांना, 1996 च्या कायद्याने इमारतीच्या कामाला ही सोय सांगितली. 2005 च्या रोजगार हमी कायद्याने कामावर पिण्याचे पाणी, पोरांना सावली आणि प्रथमोपचाराची पेटी द्यायला लावली; त्या यादीत मुतारी नव्हती. 2014 पासून घरोघरी संडास बांधले, 2018 साली ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. गुड मॉर्निंग पथके पहाटे शिट्ट्या फुंकत फिरली. पण संडास घरी आणि माणूस दिवसभर वावरात. घर आणि वावर यांच्यामधले दोन-तीन किलोमीटर कुणी मोजले नाहीत.

अमेरिकेत शेतमजुरांच्या बाजूने ही मागणी 1972 साली झाली. तिथल्या सरकारनेही पंधरा वर्षे चालढकल केली. कोर्टाने कान धरला तेव्हा 1987 साली नियम निघाला. अकरा किंवा जास्त मजूर हाताने काम करत असतील, तर दर वीस जणांमागे एक संडास आणि हात धुण्याची सोय, तीही पाव मैलाच्या आत. पण तिथला शेतकरी सरकारी अनुदानावर उभा आहे. इथे पाच एकर कोरडवाहूवाल्यावर असा नियम लादला, तर मजुरिणीला संडास मिळणार नाही, इन्स्पेक्टरला मात्र हप्ता मिळेल. तेव्हा जे आपल्या हातचे आहे ते आपण करू, आणि जिथे आपल्या मालातून पैसा कापला जातो तिथे सरकारकडून वाजवून घेऊ.

आपल्या हातचे काय? चार बांबू, आणि खताची रिकामी पोती उसवून, धुऊन, शिवून केलेला पडदा. औषधाची पोती यासाठी वापरू नका. धुऱ्याजवळ उंचवट्याची जागा पाहा. काळ्या जमिनीत सखल जागी चर पाण्याने भरतो आणि ढासळतो. विहिरीपासून निदान शंभर फूट लांब. चर एक फूट रुंद, दीड ते दोन फूट खोल, दोन्ही कडांना सपाट दगड. काढलेली माती बाजूला, तिच्यात जुने फावडे. जाणाऱ्याने मागे माती लोटायची. एक बांबू आत मजबूत रोवा, म्हणजे पोटुशी बाईला आणि म्हाताऱ्या माणसाला धरून उठता येते. ज्याला उकिडवे बसता येत नाही त्याच्यासाठी जुन्या खुर्चीची बैठक कापून ठेवा. पाण्याचा डबा आणि साबणाचा तुकडा हवाच. काम वावराच्या दुसऱ्या टोकाला सरकले की पडदा तिकडे न्या आणि जुना चर बुजवा.

हे वाया जात नाही. एका माणसाच्या वर्षभराच्या लघवीत अडीच ते चार किलो नत्र असते. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी मलमूत्राच्या खताचे काम करून दाखवले. शहाण्या माणसाने लाजण्यासारखे त्यात काही नाही.

गड्यांनीही हसू नये. फवारणी करता करता पंप उतरवून, तसेच औषधाचे हात घेऊन धुऱ्याला जाणारे आपणच. 1971 साली प्रसिद्ध झालेल्या, माणसांवरच्या चाचण्यांत असे दिसले, की पॅराथिऑन हे औषध हाताच्या कातडीतून जेवढे शरीरात शिरते, त्याच्या जवळजवळ बारा पट अंडकोशाच्या कातडीतून शिरते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने वीसहून अधिक माणसे गेली, हे आपण विसरलेलो नाही. लघवीला जाण्याआधी साबणाने हात धुवा. पाण्याची सोय गड्यालाही तितकीच हवी.

एक कडू गोष्ट राहिली. काही वावरांत पक्के घर आहे, संडास आहे, त्याला कुलूपही आहे. किल्ली घरच्या बाईला मिळते, मजुरिणीला मिळत नाही. आणि का मिळत नाही हे ती कुठल्या वस्तीतून आली यावर ठरते. तिच्या हातचा कापूस चालतो, मग तिचा पाय त्या उंबऱ्याला का चालू नये? आणि चर बुजवायचे कामही तिच्याच गळ्यात बांधायचे नाही. ज्याचे वावर, त्याने चर बुजवायचा.

ठराव चार आहेत.

एक : पाचहून अधिक माणसे कामाला असतील त्या वावरात पडदा, चर, पाणी आणि साबण वावरवाल्याने ठेवावा. वावरात संडास असेल तर तो सर्वांना उघडा असावा.

दोन : कामाच्या वेळी लघवीला गेलेल्या बाईचा रोज कापू नये. किलोवर वेचणी असेल तर आडोसा वेचणीच्या जागेजवळ हलता ठेवावा.

तीन : प्रत्येक बाजार समितीत आणि कापूस खरेदी केंद्रावर बायांसाठी वेगळा, पाणी असलेला, रात्री दिवा असलेला संडास असावा. आपल्या मालावर सेस घेता, मग गाडीबरोबर रात्र काढणाऱ्या शेतकरणीची सोय करा.

चार : सरकारी कामावर आणि ऊसतोडीच्या फडावर, जिथे मजूर लावणारा मोठा आहे, तिथे ही सोय कायद्याने सक्तीची करावी.

या ठरावांना नुसत्या टाळ्या नकोत. पहिले दोन ठराव अमलात आणायला मुंबईला जावे लागत नाही. येत्या निंदणापासून प्रत्येक गावच्या शाखेने निदान एका वावरात पडदा उभा करावा. आणि तो कुठे उभा करायचा हे ठरवताना गड्यांनी गप्प बसून बायांना विचारावे. पुढच्या मेळाव्यात कोणत्या गावात किती पडदे उभे राहिले हे आम्ही विचारणार आहोत, आणि उत्तर बहिणींनी द्यायचे आहे.