भातवडीची लढाई आणि आपले बारगीर

हे आपले शहर 1610 साली खडकी गावी मलिक अंबराने वसविले. तो जातीचा हबशी, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. त्याच्या फौजेत घोडे दामटणारे कोण? नांगर धरणारे आपलेच हजारो मराठे बारगीर! 1624 साली भातवडीस मोगल व आदिलशाही फौजा एक होऊन चालून आल्या. अंबराने तलावाचे पाणी सोडून वाटांचा चिखल केला, रसद तोडली, रात्री छापे घातले. शहाजीराजे तेथे लढले. त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले. हीच गनिमी रीत पुढे शिवाजी महाराजांनी सह्याद्रीत चालविली. सरदारांची नावे बखरीत आहेत. पण घोड्यांना नाल ठोकणारा लोहार, वैरण वाहणारा कुणबी? मी पुष्कळ शोधले; एकही नाव सापडले नाही.