टाळ अजून वाजतोय
(शताब्दी सोहळ्यात दिंडीच्या मृदंगी व गायक मंडळींच्या वतीने झालेले भाषण)

आमचं बोलणं हातातून होतं, तोंडाला त्याची सवय नाही. तरी शंभरीच्या निमित्तानं दोन शब्द बोला म्हणालात, म्हणून उभे राहिलो.

आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटरची वाट. त्या वाटेवर तुम्ही आम्हाला बघता. गळ्यात पट्टा, पट्ट्याला पखवाज, वर प्लास्टिकचा कागद. पण वारीचे दिवस ते किती? बाकीचं वर्ष आम्ही तुमच्या घरांत असतो. कुठं एकादशीचा जागर, कुठं घरभरणी, कुठं वर्षश्राद्धाचं भजन. सप्ताह असला की पहाटे काकडा, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन. झोपायला मिळेल ती ओसरी, उशाला पिशवी.

एकेका घराचा एकेक आवाज असतो. शेणानं सारवलेल्या मातीच्या घरात बोल गोड लागतो, भिंती जादा आवाज पिऊन टाकतात. पत्र्याच्या घरात हात आवरून वाजवावं लागतं, नाहीतर अभंग ऐकूच येत नाही. स्लॅबच्या घरात आवाज घुमतो, तिथं गायकानं चाल सावकाश धरावी. दहा बाय बाराच्या खोलीत वीस माणसं बसली, चुलीपुढं बसलेली म्हातारी तिथूनच टाळ्या वाजवती, पोरगं मृदंगाला हात लावून बघतंय. मोठ्या मंडपात माईक असतो, पण असं ऐकणारं माणूस हाताच्या अंतरावर नसतं. आमचं खरं शिक्षण तुमच्या घरांत झालं.

१९१७ साली जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथं पोरं माधुकरी मागून शिकली. ती भाकरी मोल म्हणून कुणी दिली नाही. ‘आपल्या घरचंच लेकरू शिकतंय’ म्हणून दिली. आज आम्हाला जे मांडायचं आहे, ते त्याच भाकरीबद्दल आहे.

समाज आरतीला चोपदारांनी दंड वर केला की सगळे टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल, तिचे टाळ मात्र वाजत राहतात. चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात, मग आरती होते. माउली, आज आमचा टाळ थोडा वाजत ठेवतो. राग धरू नका.

जिथं कीर्तन करावं तिथलं अन्नसुद्धा घेऊ नये, इतकं कडक तुकोबांनी सांगून ठेवलंय. ते आम्हाला मान्य आहे. नामाचा भाव ठरवायचा नाही. पण वाद्याला पोट असतं. पुडीचं कातडं वाजवून वाजवून फाटतं. शाई उडते. पावसात पुडी ढिली पडते, मग गठ्ठे ठोकून स्वर चढवायचा, ताण बसून वादी तुटते. धुमेला रोज ताजी कणीक लागते, ती तरी घरची होते. पुडी आणि वादी मात्र पैसे मोजूनच आणावी लागते. एस.टी.चं तिकीटही फुकट मिळत नाही.

घरोघर मान असतो, पण हे कुणाच्या ध्यानात येत नाही. आम्ही मागत नाही, कारण मागितलं की सेवा विकल्यासारखं वाटतं. मग होतं काय? हात तयार झालेलं पोरगं रात्रभर साथ करतं, सकाळी पदरचे पैसे घालून घरी जातं. दोन वर्षांनी ते पखवाज माळ्यावर ठेवतं आणि कंपनीत कामाला लागतं. त्याला नावं ठेवू नका. दुसरं एखादं पोरगं सुपारी ठरवूनच घराबाहेर पडतं. मग गरिबाच्या घरचा जागर कोण करणार? दोन्हीकडून नुकसान आपल्या दिंडीचंच आहे.

म्हणून एक विनंती. या शंभरीच्या साली दिंडीत वाद्यनिधीची एक पेटी ठेवू. ज्याला जे जमेल ते त्यानं टाकावं, कुणाचं नाव लिहायचं नाही. त्यातून दरसाल पुड्या, वाद्या, टाळांच्या दोऱ्या आणि शिकणाऱ्या पोरांचा प्रवासखर्च निघावा. मग वाजवणाऱ्यानं कुणाच्या घरी हात पसरायचा नाही, आणि घरधन्यानंही पाकिटाची काळजी करायची नाही. ज्याच्या घरी फक्त पिठलं-भाकरी आहे, त्याच्या घरीही तेवढाच भरून मृदंग वाजेल. तुकोबांचा शब्दही राहील, पोरगंही दिंडीत राहील.

पहिल्या पिढीतल्या मृदंग्यांकडं कंदील होता आणि पायवाट होती. त्यांनी घर सोडलं नाही, म्हणून आज आपण शंभर मोजतोय. पुढची शंभर मोजायला कुणीतरी वाजवणारा पाहिजे.

आमचं गाऱ्हाणं सांगून झालं. आता टाळ थांबवतो. आपण दंड वर करा, आरती होऊ द्या.

रामकृष्ण हरी!