संपादक नाही, मग जबाबदारी कुणाची?

(खामगाव येथे तरुणांसमोर केलेले भाषण)



'ब्लॉगमुळे समाज बदलला का?' या विषयावर मला बोलायचं आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणजे सुरुवात संगणकापासून करीन असं तुम्हाला वाटेल. पण मी सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करतो.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःच्या नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. शिक्षा पुढे कमी झाली, पण त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रियांनाच नावं ठेवली जाऊ लागली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांना ते सहन झालं नाही. १८८२ मध्ये त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून सडेतोड उत्तर दिलं.

पेपरातलं वाचून संताप यावा आणि स्वतःच्या नावाने, स्वतःच्या भाषेत उत्तर द्यावं, हेच ब्लॉगचं काम. फरक इतकाच, की ताराबाईंना छापखाना लागला. त्यांच्यावर टीका झाली. महात्मा फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. तरीही ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणेपर्यंत आपल्याच जिल्ह्यातलं हे लेखन जवळजवळ विसरलं गेलं होतं.

आता संगणकाकडे येतो. 'ब्लॉगर' १९९९ मध्ये सुरू झालं. पण मराठीत लिहायचं तर प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. माझ्या संगणकावरचं मराठी तुमच्या संगणकावर अगम्य चिन्हं होऊन दिसायचं. युनिकोड रुळलं आणि ही अडचण गेली. मग खामगावातला मुलगाही कुणा संपादकाची परवानगी न घेता मराठीत लिहू शकला. आपल्यासाठी ही मोठी गोष्ट होती. नोकरीला लागलो तेव्हा सहकारी मला विचारायचे, 'तू मुस्लिम असून इतकं चांगलं मराठी कसं बोलतोस?' त्यांच्या वाचनात आपल्याविषयी पुष्कळ आलं होतं, पण आपण लिहिलेलं फारसं आलं नव्हतं.

म्हणून मी ब्लॉग सुरू केला. २०१३ मध्ये माझ्या खालाविषयी लिहिलं. तोंडी तलाक, दोन लेकरं, शिलाई मशीन, सगळं लिहिलं. नाव तेवढं दिलं नाही. खूप कौतुक झालं. आठवडाभरात मोहल्ल्यात कळलं की ही कोण. चार माणसं तिच्या दारात येऊन सल्ले देऊन गेली. मला अभिमान वाटत होता. खालाचा फोन आला. म्हणाली, "सच लिखा बेटा, लेकिन मेरे से पूछा था क्या?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच रात्री तो लेख काढून टाकला. तोवर लोकांनी तो पुढे पाठवला होता. पाठवलेलं परत घेता येत नाही, हे मला इंजिनिअर म्हणून माहीत होतं, भाचा म्हणून त्या दिवशी कळलं.

संपादक गेला, पण त्याचं काम गेलं नाही. ते आपल्या अंगावर आलं. हे खरं आहे का? ज्याचं आहे त्याला विचारलं का? खाली माझं नाव घालायची तयारी आहे का? हे तीन प्रश्न पूर्वी दुसरा कुणी विचारायचा. व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डला तर लेखकच नसतो, त्यामुळे ते कुणीच विचारत नाही. म्हणून एका निनावी मेसेजने गाव पेटू शकतं आणि जाब विचारायला कुणी सापडत नाही.

याचा अर्थ भिऊन गप्प बसा असा नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या एका तरुणीने मुंबईतल्या बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, मैत्रिणीने त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली. या अटकेनंतर एका तरुणीने, श्रेया सिंघल यांनी, सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ हे कलम रद्द झालं. ताराबाईंच्या बाजूने फुले उभे राहिले, या दोघींच्या बाजूने एक अनोळखी तरुणी. लिहिणाऱ्याइतकंच हे पाठीशी उभं राहणं महत्त्वाचं आहे.

तेव्हा ब्लॉगने समाज बदलला का? ब्लॉगने बोलायचा दरवाजा उघडला, एवढं नक्की. आत कुणाला घेऊन जायचं आणि कुणाला विचारून, हे आपल्यावर आहे. तुम्ही लिहा. मराठीत लिहा, नावानिशी लिहा. आणि आपल्यातली एखादी मुलगी लिहील, तेव्हा तिच्या घरी सल्ले द्यायला जाऊ नका, तिच्या बाजूने दोन ओळी लिहा.

खालाला मी नंतर दोनदा विचारलं, 'आता तू सांग, मी लिहून घेतो.' ती अजून 'हो' म्हणालेली नाही. मी थांबलो आहे.