टोकन देण्याआधी आरसी मागा: जुन्या कॅम्पिंग ट्रेलरची माझी गोष्ट

कसारा लोकलमध्ये ऐकत असाल तर आवाज जरा वाढवा, कारण आज आकडे बरेच आहेत. आणि हो, हा भाग ऐकून कोणाचे दहा हजार वाचले, तर मला निदान एक वडापाव लागू आहे. का, ते पुढे कळेलच.

मी शहापूरचा. बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. आठवड्यातले तीन दिवस आसनगाववरून गाडी पकडून ऑफिस आणि दोन दिवस घरून काम. मामाचं गाव मुरबाड तालुक्यात. गावाबाहेर त्याची थोडी वरकस जमीन आहे, माळच म्हणा. तिथे वीज नाही, विहीर नाही, पण मोबाईलला रेंज मात्र चार कांड्या! दोन वर्षं माझ्या डोक्यात एकच किडा होता: त्या माळावर चाकावरची एक खोली उभी करायची, वर सोलर लावायचं, शुक्रवारी तिथूनच काम करायचं आणि वाटलं तर गाडीला जोडून माळशेजकडे निघायचं.

नवीन ट्रेलरचे भाव ऐकले आणि गप्प बसलो. मग एके रात्री फोनवर जाहिरात दिसली. बारा फुटी ट्रेलर, आत पलंग, छोटा ओटा, छतावर सोलर पॅनल, किंमत ३ लाख ४० हजार. फोटो एकदम झकास. विकणारा म्हणाला, "अजून दोघंजण मागे लागलेत." झालं! ट्रेलर डोळ्यांनी न बघता रात्री अकरा वाजता मी २५ हजार टोकन यूपीआयने पाठवून मोकळा झालो. ऑफिसात दुसऱ्याचा कोड तपासल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही मी. इथे मात्र काहीच तपासलं नाही.

रविवारी मामाला घेऊन बघायला गेलो. मामाने आयुष्यात कॅरॅव्हॅन बघितलेली नाही. पण म्हसाच्या जत्रेत त्याने बरेच बैल घेतले-विकलेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पौष पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हसाला जत्रा भरते आणि तिथला बैलबाजार लांबलांबपर्यंत प्रसिद्ध आहे. मी थेट आत शिरून पलंगावर बसून बघतोय, आणि मामा बाहेर उकिडवा बसून खालून बघतोय. मला बोलला, "भाच्या, बैलाच्या शिंगांचा रंग बघून पैसे देतात काय? दात बघ. आणि चालवून बघ."

मग विकणाऱ्याला बोलला, "काका, जरा गाडीला लावून ओढून दाखवा ना."

तिथेच काका अडकले. ट्रेलर तीन वर्षं जागेवरून हललेलाच नव्हता.

आता दात कुठे असतात ते सांगतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे आठवडा, नंतरचे दोन म्हणजे वर्ष. या ट्रेलरच्या टायरवर १११४ होतं, म्हणजे २०१४ चा अकरावा आठवडा. नक्षी अगदी नव्यासारखी, कारण टायर फिरलेच नव्हते. पण उन्हात उभं राहून रबराला बारीक भेगा पडलेल्या. असा टायर माळशेजच्या घाटात फुटला तर मागचा ट्रेलर पुढच्या गाडीलाही घेऊन जाईल.

दुसरा दात म्हणजे फरशी. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. छताच्या सांध्यातून, खिडकीच्या रबरातून पाणी आत झिरपतं आणि प्लायवूड आतल्या आत कुजतं. वरून नवीन विनाइल चिकटवलं की काही दिसत नाही. म्हणून बूट काढून कोपऱ्याकोपऱ्यात पायाच्या टाचेने दाबत फिरा. ओट्याखाली माझी टाच अर्धा इंच आत गेली. आणि नाक वापरा! बंद ट्रेलर उघडल्याबरोबर जुन्या गोधडीसारखा वास आला, आणि सोबत रूम फ्रेशनरचाही आला, तर समजून जा.

सोलरचं गणित तर मला तिथेच बसून करता आलं असतं, पण मी ते घरी आल्यावर केलं. शंभर अँपिअर-अवरची साधी लेड-अॅसिड बॅटरी म्हणजे १२ व्होल्टला १२०० वॉट-अवर. ती टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे ६००. लॅपटॉप ६० वॉटचा, चार तास, २४०. छोटा पंखा २० वॉटचा, आठ तास, १६०. दिवे आणि फोन मिळून शंभर. झाले ५००. छतावर १०० वॉटचं एक पॅनल होतं, ते स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण ३०० ते ४०० देणार. म्हणजे उन्हाळ्यातसुद्धा तूट. आणि जुलैत, मुरबाडात, ढगाखाली? सोडा. जाहिरातीत तर 'एसी पॉइंटसह' लिहिलेलं! एसी एक तास चालवला की संध्याकाळीच अंधार.

हे सगळं मी कदाचित दुरुस्त केलं असतं. खरा घोळ शेवटी निघाला. मी विचारलं, "काका, आरसी बघू?"

काका हसले. "अरे, इंजिन कुठंय त्याला? ट्रेलरला कसली आरसी?"

मंडळी, हे वाक्य ऐकलंत की चप्पल घाला आणि निघा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरची वेगळी व्याख्या आहे. इंजिन नसलं तरी रस्त्यावर आणायचा तर त्याची नोंदणी लागते, त्याला स्वतःचा नंबर लागतो. हा ट्रेलर कुठल्यातरी फॅब्रिकेशनच्या दुकानात बनवलेला. चेसिस नंबर ठोकलेलाच नाही, वजनाचा कागद नाही. नोंदणी नाही म्हणजे विमाही नाही. म्हणजे मी जे विकत घेत होतो ते वाहन नव्हतंच, चाकं लावलेली टपरी होती. माळावर उभी करून ठेवली तर ठीक. हायवेला घेऊन आलो आणि कोणाला धडक बसली, तर भरपाई माझ्या खिशातून, जन्मभर.

काही जण म्हणतील, राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलंय ना? आणलंय, चांगलंच आहे. पण ते पर्यटनाच्या धंद्याला चालना द्यायला आहे. बिनकागदाच्या ट्रेलरला त्याने काही माफी मिळत नाही.

आणि मी स्वतः काय दिवे लावले तेही सांगतो. घरी येऊन माझ्या कारचं मॅन्युअल पहिल्यांदा उघडलं. त्यात स्वच्छ लिहिलंय, ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी बनवलेली नाही.

टोकनचे १५ हजार परत मिळाले. दहा गेले. भांडलो नाही, कारण लिहून काहीच घेतलं नव्हतं. आईला अजूनही पाचच गेले असं सांगितलंय. (आई पॉडकास्ट ऐकत नाही, बहुतेक.)

चार महिन्यांनी मी जुनी ईको घेतली, पाच सीटची, पांढऱ्या पाटीची. यावेळी उलट क्रमाने गेलो. आधी एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून मालक, विमा, फिटनेसची तारीख बघितली. आरसीवर बँकेचा बोजा होता. कर्ज फिटलं होतं, पण बोजा उतरवला नव्हता. मालकाला सांगितलं, आधी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, मग पैसे. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा.

तुम्ही गाडी विकत असाल तर कान देऊन ऐका. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अपघाताच्या भरपाईसाठी आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक. 'नंतर करू रे ट्रान्सफर' म्हणणाऱ्या मित्राच्या हातात चावी देऊ नका.

गाडी घेतल्यावर सीट काढून पलंग बोल्टने बसवायचा मोह मलाही झाला. व्हिडिओत सगळे तेच करतात. पण कायद्याचं कलम ५२ आहे, आणि २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कंपनीच्या मूळ रचनेत असे फेरफार करणं अंगाशी येऊ शकतं. म्हणून मी काय केलं? सीट जागेवर, दुमडून. वर प्लायच्या तीन फळ्या, पायांसकट, मोकळ्या. मुक्काम संपला की फळ्या घरी. दिसायला गरीब आहे, पण पाठ सरळ राहते.

आता पाणी. हे मला कुठल्याच व्हिडिओत सापडलं नाही. ८० लिटरची टाकी म्हणजे ८० किलो, हे गणित सगळे सांगतात. पण ती भरायची कुठे? भातसा आणि तानसा आमच्या तालुक्यात. तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतोय. आणि एप्रिल-मेमध्ये आमच्याच पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागलेली असते. पहिल्या मुक्कामाला मी वाटेतल्या एका पाड्यावर कॅन घेऊन उतरलो, तर एका आजीने काही न विचारता स्वतःच्या हंड्यातलं पाणी ओतायला घेतलं. मी कसाबसा कॅन मागे घेतला. तेव्हापासून पाणी शहापूरच्या घरून भरूनच निघतो. दोन दिवसांना ४० लिटर, आणि भांडी आधी पुसून घेतली की तेवढ्यात भागतं. तसंच टॉयलेटचं. डबा भरला की घरी आणूनच रिकामा करायचा. इथला ओढा कोणाच्या तरी पिण्याच्या पाण्याला जाऊन मिळतो.

आणि एक, थंडीतलं. गाडी बंद करून आत शेगडी किंवा निखारे ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जाड गोधडी घ्या, काच दोन बोटं उघडी ठेवा.

मामा परवा गाडी बघायला आला. टायर बघितले, खालून बघितली, स्वतः चालवून बघितली. मग फळीवर आडवा झाला आणि बोलला, "बरी आहे. पण पाय बाहेर येतात." तर सध्या सहा इंचांनी फळी वाढवायचं काम चालू आहे.

तुमच्यापैकी कोणाकडे रीतसर आरसी असलेला कॅम्पिंग ट्रेलर असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. नोंदणी करताना आरटीओत काय काय कागद मागितले, ते तुमच्या तोंडून ऐकायचंय. पुढच्या भागात भेटू. आसनगाव आलं, उतरा.