मेंदूतील ग्लायल पेशी आणि आपले ताट



मेंदू म्हटला की मज्जापेशींचेच नाव निघते. पण मेंदूत जवळजवळ तितक्याच संख्येने दुसऱ्याही पेशी असतात. जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५६ साली त्यांना डिंक या अर्थाचे नाव दिले. मज्जापेशींना चिकटवून ठेवणारी खळ, एवढेच त्यांचे काम मानले गेले.

ती समजूत आता मागे पडली आहे. या ग्लायल पेशींपैकी काही मज्जापेशींना पोषण पुरवितात. काही मेंदूतील केरकचरा काढतात, आणि अल्झायमरसारख्या विस्मरणाच्या रोगात त्यांचे हे काम बिघडलेले दिसते. काही पेशी तर विजेच्या तारेवर वेष्टण असावे तसे मज्जातंतूंवर स्निग्ध आवरण गुंडाळतात. त्यामुळे निरोप झपाट्याने पोचतो. अशा नव्या पेशी तयार होणे थांबविले, तर मोठ्या उंदरांनाही नवे कसब नीट शिकता येत नाही, असे लंडनच्या संशोधकांना २०१४ साली आढळले.

हे आवरण धड राहण्यास ब-१२ जीवनसत्त्व लागते. ते दूध, दही, अंडी, मांस यांत असते, भाजीभाकरीत नसते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर बायांची पाहणी केली. निम्म्याहून अधिक जणींच्या रक्तात ब-१२ कमी निघाले. ज्या आयांत ते फारच कमी होते, त्यांची मुले नवव्या वर्षी एकाग्रतेच्या व स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडली.

भगिनींनो, आपल्या घरी दूध आधी मुलांना, मग पुरुषांना. बाईच्या वाट्याला चहापुरते. ही रीत बदलली पाहिजे. गरोदर सुनेला दूध-दही आठवणीने वाढा. सासूबाईंना विसर पडू लागला, हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, चालताना तोल जाऊ लागला, तर म्हातारचळ म्हणून हसण्यावारी नेऊ नका. प्रत्येक विसराळूपणा ब-१२ मुळेच येतो असे नाही; परंतु रक्त तपासले की ते कळते, आणि गोळ्या किंवा इंजेक्शने देऊन उणीव भरून काढता येते. फार उशीर झाला, तर मात्र झालेली हानी पूर्ण भरून येत नाही. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथवर जाण्याचा एक दिवस घरच्या बाईसाठी काढा.