विद्यापीठाची जमीन आणि वाहनतळाचा प्रश्न

(एका परिसंवादातील भाषणाचा सारांश)



पुणे विद्यापीठ (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) १९४९ मध्ये स्थापन झाले. गणेशखिंडीतील गव्हर्नरांचे निवासस्थान व भोवतीची जमीन त्याच्याकडे आली; आज हा परिसर सुमारे ४११ एकरांचा आहे. लाटसाहेबांच्या बागेत शेतकऱ्यांची मुले शिकू लागली, या घटनेचा लोकशाही आशय आपण विसरता कामा नये. अशा जमिनीच्या भावी नियोजनाचा आरंभ ‘मोटारी कोठे उभ्या करावयाच्या?’ या प्रश्नाने व्हावा, याचे मला नवल वाटते.

वाहनतळाची पाहणी बहुधा अशी होते : उभी वाहने मोजावयाची, जागा अपुरी ठरवावयाची आणि आणखी जमीन मागावयाची. बसमधून उतरून भर उन्हात विभागापर्यंत चालत जाणारी विद्यार्थिनी या मोजणीच्या कोणत्याच रकान्यात येत नाही. मोजावयाचीच तर माणसे मोजा. कोण कोठून येतो, कशाने येतो, किती वेळ थांबतो, त्याला पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह किती अंतरावर मिळते, हे नोंदवा.

एका मोटारीला उभे राहण्यास सुमारे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. वळण्याची वाट धरली तर ती दुप्पट भरते. एवढ्या जागेत वसतिगृहात दोन विद्यार्थ्यांची खोली सहज होते. आणि मोटारीतून उतरतो पुष्कळदा एकच इसम! अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की, फुकट वाहनतळाची किंमत वाहन नसलेल्यांनाही मोजावी लागते. ज्याची ऐपत अधिक त्याला सार्वजनिक भूमी अधिक, हा कोणता न्याय? (दुचाकीवरून येणाऱ्या विद्यार्थ्याला मी या पंक्तीत बसवीत नाही. वेळेवर बस मिळती, तर त्यातील कित्येकांनी पेट्रोलचा खर्च वाचविला असता.)

विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल वाहनांच्या सोयीसाठीच उभारला होता. तो २०२० मध्ये पाडावा लागला. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोमार्गाची आखणी त्याच चौकातून झाली. तेव्हा प्रवेशद्वारापासून विभागांपर्यंत सावलीची पायवाट आणि परिसरात फिरणारी बस, यांची तरतूद आधी झाली पाहिजे. अपंग बांधवांसाठी दाराजवळची जागा मात्र राखलीच पाहिजे. २०१६ च्या कायद्याने सुगम्यतेचा तो हक्क त्यांना दिला आहे.

माझी मागणी एवढीच आहे, की पाहणीचा अहवाल नकाशासह मराठीत प्रसिद्ध करावा, आणि वाहनांच्या आकड्याशेजारीच वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीचा आकडा छापावा.