खापर आणि खांब

दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही सरकारी नोकरांची वसाहत. झाशीच्या राणीचे नाव तिला लाभले असले, तरी तेथे मूळचा असा कोणीच नाही. बदली माणसाला तेथे आणते आणि पुढची बदली घेऊन जाते. मी तेथेच राहतो, आणि कचेरीतून परतल्यावर घरातल्या एका विद्यार्थिनीचा बिनपगारी मदतनीस म्हणून काम करतो.

गेल्या वर्षी तिच्या वर्गाला प्राचीन ग्रीसवर ‘प्रकल्प’ करावयास सांगण्यात आले. रात्री दोन वाजेपर्यंत जागून मी पुठ्ठ्याचे पार्थेनॉन उभे केले. दर्शनी आठ खांब, लांबीच्या बाजूस सतरा; सारे मापात. मंदिराला गुण उत्तम पडले. ते घरी परत आले तेव्हा मी सहज विचारले, ‘या मंदिरात कोणती देवता होती ग?’ ती म्हणाली, ‘बाबा, ते तुम्हालाच ठाऊक. मंदिर तुम्ही केले आहे.’ त्या उत्तरात उद्धटपणा नव्हता. केवळ सत्य होते.

श्रोतेहो, असे प्रकल्प आज घरोघरी होत आहेत. पुठ्ठा, गोंद आणि पालकांची झोप यांपलीकडे त्यांत फारसे काही खर्ची पडत नाही, आणि म्हणूनच फारसे काही हाती लागत नाही. मला तेव्हा वाटले, प्राचीन माणसांच्या वस्तूंची नक्कल करण्याऐवजी त्यांच्यापुढे जे पेच होते तेच मुलांपुढे ठेवले, तर काय होईल?

आपण मराठीत दुसऱ्याच्या माथी खापर फोडतो. अथेन्सचे नागरिक त्या खापरावर नाव लिहीत. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात त्यांच्याकडे अशी रीत होती, की एखादा पुढारी नगराला जड होतो आहे असे वाटले तर लोकांनी फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर त्याचे नाव कोरावे. किमान 6000 खापऱ्या जमल्या, तर ज्याचे नाव सर्वांत अधिक त्याने दहा वर्षे नगराबाहेर राहावे. आरोप नाही, खटला नाही, मालमत्तेची जप्तीही नाही. इ. स. पू. 482 मध्ये ॲरिस्टायडीस या न्यायी पुरुषावर ही पाळी आली. प्लुटार्क सांगतो, की एका निरक्षर शेतकऱ्याने त्याला न ओळखता त्याच्याच हाती खापरी दिली आणि ‘यावर ॲरिस्टायडीसचे नाव लिहून दे’ म्हणून विनविले. ‘त्याने तुझे काय बिघडविले?’ ‘काही नाही. जो तो त्याला न्यायी म्हणतो, ते ऐकून कंटाळलो.’ ॲरिस्टायडीसने मुकाट्याने आपले नाव लिहून दिले.

ही गोष्ट न सांगताच एका रविवारी मी वसाहतीच्या बागेत एकवीस मुले जमविली, फुटक्या कुंड्यांचे तुकडे वाटले आणि रीत तेवढी समजावून दिली. दहा वर्षांऐवजी दहा दिवस. ज्याचे नाव अधिक तो तेवढे दिवस खेळाबाहेर. माझा अंदाज असा, की एखाद्या दांडगटाचे नाव निघेल आणि त्यालाही थोडी समज येईल. अंदाज सपशेल चुकला. बारा खापऱ्यांवर एकाच मुलाचे नाव होते. तो दोनच महिन्यांपूर्वी वडिलांच्या बदलीमुळे शिलाँगहून आला होता. त्याने कुणाची काही कुरापत काढल्याचे माझ्या कानावर नव्हते. तो काही बोलला नाही. चेंडू त्याचा होता. तो तेथेच ठेवून तो घरी गेला.

त्या संध्याकाळी मी मुलांना पुन्हा बोलाविले आणि खापऱ्या पुढे मांडल्या. अथेन्सच्या टेकडीलगत एका जुन्या विहिरीत सुमारे 190 खापऱ्या सापडल्या आहेत. साऱ्यांवर थेमिस्टोक्लीसचे नाव. पण संशोधकांनी अक्षर ताडून पाहिले तेव्हा लिहिणारे हात अवघे चौदा निघाले. कोणीतरी आधीच नावे लिहून वाटण्याची तजवीज केली होती. एवढे सांगून मी मुलांना म्हटले, ‘आता तुम्ही संशोधक व्हा.’ मुलांनी त्या बारा खापऱ्या अक्षरानुसार वेगळ्या केल्या. पाच खापऱ्यांवरचे अक्षर एकच होते. ते मी ओळखले. ते माझ्या मुलीचे होते.

तिचे म्हणणे असे, की धाकट्या मुलांना ते लांबलचक नाव लिहिता येईना, म्हणून तिने लिहून दिले. ‘त्याने त्यांचे काय बिघडविले?’ ‘काही नाही. तो नवा आहे.’ मग मी ॲरिस्टायडीसची गोष्ट सांगितली. शेतकऱ्याचे उत्तर आले तेव्हा कोणीही हसले नाही. पर्शियाचा राजा चालून आला तेव्हा, इ. स. पू. 480 मध्ये, अथेन्सने ॲरिस्टायडीसला मुदतीपूर्वीच परत बोलाविले, हेही मी सांगितले. पुढचे काम मुलांनी केले. त्या मुलाच्या दारावर कोण गेले, काय बोलले, ते मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी तो खेळायला आला.

पण परक्याला बाहेर काढण्याची गोष्ट सांगून थांबणे मला बरे वाटेना. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे खांब आहेत. त्यांतील कित्येकांवर दात्यांची नावे कोरली आहेत आणि काही दाते स्वतःला यवन म्हणवितात. यवन म्हणजे मुळात ग्रीक. पुढे हा शब्द काहीसा सैल झाला. धेनुकाकट गावचा यवन सिहधय, म्हणजे सिंहध्वज. दुसरा यवन धम्म. नावे आपली, दान आपल्या लेण्यात. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी दिली आहेत. विदिशेजवळ बेसनगरला तर हेलिओडोरसचा गरुडस्तंभच आहे. हा तक्षशिलेचा ग्रीक, राजा अँटिआल्किडासचा वकील. त्या राजाच्या नाण्यांवर झ्यूस आणि हत्ती आहेत, आणि त्याचा वकील वासुदेवाचा भक्त होऊन गरुडध्वज उभारतो! त्या खांबावर शेंदराचा जाड थर चढला होता. तो काढल्यावर 1909 मध्ये लेख उजेडात आला.

पुराणकथांतही हेच सूत्र आहे. झ्यूसचे एक बिरुद ‘झेनिऑस’, म्हणजे परक्याचा आणि पाहुण्याचा पाठीराखा. दाराशी आलेला अनोळखी माणूस झ्यूसने पाठविलेला असतो, अशी ग्रीकांची श्रद्धा होती. ‘अतिथिदेवो भव’ शिकलेल्या मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही.

म्हणून पुढच्या रविवारी दुसरा प्रकल्प केला. प्रत्येकाने नव्या खापरीवर कार्ल्याच्या रीतीने तीन गोष्टी लिहावयाच्या: गाव, नाव आणि दान. रत्नागिरीची मुलगी, कटकचा मुलगा, कोचीची दोन भावंडे. जो तो लिहू लागला तेव्हा कळले, की एकवीसपैकी एकाचेही गाव लक्ष्मीबाई नगर नव्हते. शिलाँगच्या मुलाने लिहिले: ‘शिलाँगहून आलेल्याचे दान, एक चेंडू.’

शिक्षकबंधू-भगिनींना एकच सावधगिरी सुचवितो. खापऱ्यांवर वर्गातल्या मुलांची नावे लिहू देऊ नका. ती चूक मी केली आणि तिचे मोल एका मुलाने मोजले. ॲरिस्टायडीस आणि थेमिस्टोक्लीस यांची बाजू दोघा मुलांनी मांडावी आणि मत त्या दोघांवर घ्यावे. मग अक्षरे ताडून पाहावीत. खर्च फुटक्या कुंडीपलीकडे नाही, आणि हे काम पालकांना रात्री जागून करता येत नाही, हा त्याचा आणखी एक गुण.

या वर्षी त्या मुलाच्या वडिलांची पुन्हा बदली झाली. जाताना चेंडू तो मुलांना देऊन गेला. त्याची खापरी माझ्या मुलीने आपल्या टेबलावर ठेवली आहे. पुठ्ठ्याचे पार्थेनॉन मात्र मी माळ्यावर टाकले.